एस्टीम ड्रॅगला नेतोय, टाकीत इथेनॉल किती टाकू?

धुळेकर_४०२ (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११:४०

रामराम मंडळी. गाडी २००२ ची एस्टीम, १३०० सीसी, १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय. कंपनीतून निघाली तेव्हा ८५ हॉर्सपॉवर. आता छोटा टर्बो (हवा दाबून इंजिनात कोंबणारा), इंटरकूलर (ती हवा गार करणारा) आणि स्टँडअलोन ईसीयू (इंधन आणि ठिणगी सांभाळणारा वेगळा संगणक) बसवलाय. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मात्र कंपनीचेच. पंपावरच्या ई२० वर (म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) ०.६ बार बूस्ट (टर्बोचा जादा दाब) धरून ट्यून केली आहे. अवधान एमआयडीसीतल्या गॅरेजात उभी असते, रस्त्यावर पळवत नाही, ट्रेलरवरच जाते.

पुढच्या महिन्यात एका धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ धावा (ड्रॅग) आहेत. १ बार बूस्ट करावा म्हणतो. पण एप्रिलमध्ये दुपारी जरा बूस्ट वाढवला की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात खडखड) सुरू. एका मित्राचं म्हणणं, "इथेनॉल टाक, ताकद आपोआप वाढते." खरं आहे का? असेल तर किती टाकू? ई५०, ई८५ की सरळ ई१००?

पोऱ्या_शिरपूरना · शनिवार, रात्री ११:५२

काय भो, ती एस्टीम आजून जित्ती शे का? मागच्या खेपेला क्लचचा धूर पाहून मी म्हटलं संपली.

फिटरकाका_भुसावळ · रविवार, सकाळी ७:१५

आपोआप काही वाढत नाही रे बाबा. मित्राला सांग, इथेनॉलमध्ये ताकद कमी असते. एक लिटर पेट्रोल जाळलं तर साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक लिटर इथेनॉलमधून २१. तिसरा हिस्सा गेला.

मग ड्रॅगवाले त्याच्या मागे का लागतात? कारण इंजिनची ताकद टाकीतल्या लिटरवर नाही, सिलिंडरमध्ये कोंबलेल्या हवेवर ठरते. पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त ओतता येतं. हिशेब करून बघ, एक किलो हवेमागे दोन्हीकडून जवळपास सारखीच उष्णता निघते. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, ऑक्टेन (नॉकिंगला तोंड देण्याची ताकद). शुद्ध इथेनॉल १०८ च्या आसपास, आपलं पंपावरचं ई२० ९५. दुसरं, थंडावा. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि ती ते आत येणाऱ्या हवेतून ओढून घेतं. हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटतं तसंच. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे हे गार वाटणं फार कामाचं.

नॉकिंग मागे सरकलं की तुला बूस्ट वाढवायला जागा मिळते. ती जागा वापरली तर ताकद. ईसीयूतून इंधन न वाढवता नुसतं इथेनॉल ओतलंस तर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) होईल आणि पिस्टनला भोक पडेल.

खानदेश_एक्स्प्रेस · रविवार, सकाळी ९:०३

पंपावर कशाला शोधताय? आपल्याकडे साखर कारखाने आहेत, डिस्टिलऱ्या आहेत. ओळखीने एखादा ड्रम स्पिरिट काढायचा. पेंटवाल्याकडे पण मिळतं. अल्कोहोल ते अल्कोहोल.

रसायनवाली_अमळनेर · रविवार, सकाळी १०:३०

अजिबात नको. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

रेक्टिफाइड स्पिरिट म्हणजे इंधनाचं इथेनॉल नव्हे. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे इथेनॉल जातच नाही, उरलेलं पाणी त्याला चिकटून राहतं. ते काढायला कारखान्यात मॉलिक्युलर सीव्ह लावतात, तेव्हा कुठे ९९.५ टक्क्यांच्या वरचं निर्जल इथेनॉल मिळतं. पाणी असलेलं स्पिरिट पेट्रोलमध्ये ओतलं तर दोन थर होऊ शकतात. खाली पाणी आणि अल्कोहोल, वर ऑक्टेन घटलेलं पेट्रोल. पंपाची जाळी टाकीच्या तळाशी असते, म्हणजे इंजिनला आधी पाणीच. शिवाय डीनेचर्ड स्पिरिटमध्ये आणखी काय काय मिसळलेलं असतं ते वेगळंच, आणि पेंटवाल्याच्या पातेल्यात मिथेनॉल निघालं तर ते डोळ्यांवर आणि जिवावर बेततं. कायद्याचंही आहे. राज्यात स्पिरिट बाळगायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. ड्रॅगच्या हौसेपायी कोर्टाच्या तारखा नकोत.

धागाकर्त्याला एक घरगुती चाचणी सांगते. ईसीयूत काहीही भरण्याआधी पंपावरच्या पेट्रोलमध्ये खरंच किती इथेनॉल आहे ते बघा. १०० मिलीचं मोजपात्र घ्या. १० मिली पाणी, त्यात शाईचा एक थेंब. वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल, म्हणजे ९० मिली. तोंड बंद करून हलवा, मधेमधे दाब सोडा, मग दहा मिनिटं थांबा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि खालचा निळा थर वाढतो. त्यातून १० वजा करा, ९० ने भागा. खालचा थर २८ वर आला तर १८ मिली इथेनॉल, म्हणजे बरोबर २० टक्के. एखाद्या टक्क्याची चूक धरून चाला. हे अंगणात करायचं, गॅसच्या शेगडीजवळ नाही.

खानदेश_एक्स्प्रेस · रविवार, सकाळी १०:४१

बरं ताई, ड्रमचा विषय मागे घेतो.

मकावाला_पारोळा · रविवार, दुपारी १:२०

तुम्ही गाड्या पळावा, पन मना मकाले भाव कोन देस ते बी सांगा. इथेनॉलमुळे मागणी वाढली म्हणतात, आडतीवर गेलं की ओलावा जास्त म्हणून कापतात.

दुचाकीस्वार_चाळीसगाव · रविवार, दुपारी १:४४

आणि आमच्या ॲव्हरेजचं कोण बोलणार? ई२० आल्यापासून माझी गाडी लिटरमागे कमी चालते आणि शोरूमवाला म्हणतो तुमचा वेग जास्त.

फिटरकाका_भुसावळ · रविवार, दुपारी २:०५

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय. मुळात ई० साठी बनवून ई१० ला ट्यून केलेल्या चारचाकीत ई२० वर ६ ते ७ टक्के घट, तशा दुचाकीत ३ ते ४ टक्के. म्हणजे थोडी घट कागदावरच मान्य आहे. त्याहून खूप जास्त असेल तर एअर फिल्टर आणि ब्रेक बघ, सगळं इथेनॉलवर ढकलू नको.

संपादक · रविवार, दुपारी ३:३०

मका आणि ॲव्हरेज दोन्हींसाठी वेगळे धागे आहेत. इथे एस्टीमबद्दलच लिहावे.

धुळेकर_४०२ · रविवार, संध्याकाळी ६:१०

ताई, चाचणी केली. माझ्या नेहमीच्या पंपाचं २८ वर आलं, म्हणजे २०. हायवेवरच्या दुसऱ्या पंपाचं २७, म्हणजे १९ च्या खाली. आईने मोजपात्र पाहून विचारलं, "हे काय औषध?"

आता मुद्द्याचं. इंजेक्टर (इंधन फवारणारे) मिनिटाला ३३० सीसीचे आहेत. पुरतील का? क्रँकवर, म्हणजे इंजिनवरच, १८० हॉर्सपॉवर धरतोय.

नकाशा_मास्तर_जळगाव · रविवार, रात्री ९:५५

नाही पुरणार. हिशेब मांडतो, वही घे.

टर्बो इंजिन पेट्रोलवर तासाला दर हॉर्सपॉवरमागे साधारण २५० ग्रॅम इंधन पितं. १८० ला ४५ किलो तासाला, म्हणजे मिनिटाला ७५० ग्रॅम, म्हणजे एक लिटरच्या थोडं वर. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी २५० सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून ३१५ ते ३२०. हे झालं बिनइथेनॉलच्या पेट्रोलचं. आता तेवढ्याच हवेला ई२० सुमारे ७ टक्के जास्त लागतं, ई५० सुमारे २० टक्के, ई८५ सुमारे ४२ टक्के. म्हणजे ई५० ला ३८० चा इंजेक्टर, ई८५ ला ४५० चा. आणि नुसता इंजेक्टर बदलून भागत नाही. पंपालाही बूस्टच्या दाबावर तेवढं इंधन ढकलता आलं पाहिजे.

माझं मत विचारशील तर ई५० वर थांब. ई२० वर ट्यून झालेल्या गाडीला ई५० साठी जेमतेम १३ टक्के इंधन वाढवावं लागतं आणि नॉकिंगपासूनचं संरक्षण बरंच पदरात पडतं. ई८५ चा खरा उपयोग दीड-दोन बार बूस्टवाल्यांना. तुझे कंपनीचे रॉड तिथवर पोचायच्या आधीच वाकतील.

ई५० बनवायचं कसं, तेही सांगतो. इथेनॉल १०० नावाचं इंधन मार्च २०२४ पासून महाराष्ट्रातल्या निवडक पंपांवर मिळतं. नावात १०० असलं तरी त्यात इथेनॉल सुमारे ९३ टक्के, बाकी थोडं पेट्रोल आणि को-सॉल्व्हंट. नावावरून १०० धरलंस तर गणित चुकेल. २० लिटर ई५० साठी ८.२ लिटर इथेनॉल १०० आणि ११.८ लिटर ई२०. ताईंची पाण्याची चाचणी ई२० ला ठीक, पण ५० च्या वर डोळ्याने मोजणं अवघड. फ्लेक्स सेन्सर (इथेनॉलची टक्केवारी मोजणारा) बसव. तो ५० ते १५० हर्ट्झचा सिग्नल देतो. हर्ट्झमधून ५० वजा केले की टक्केवारी. ई५० ला १०० हर्ट्झ यायला हवेत. ईसीयूला हा सिग्नल जोडलास की मिश्रण थोडं इकडेतिकडे झालं तरी ईसीयूतला इंधनाचा नकाशा (तक्ता) आपोआप सरकतो.

पोऱ्या_शिरपूरना · रविवार, रात्री १०:२०

मास्तर, मीटरचा घोळ सांगा ना. मागच्या वर्षी मी ई८५ चं ऐकून गेजवर ९.८ (ई८५ चं हवा-इंधन प्रमाण) आणायला गेलो आणि गाडी काळा धूर ओकत बंद पडली.

नकाशा_मास्तर_जळगाव · रविवार, रात्री १०:४८

हा घोळ निम्म्या खानदेशाचा आहे. वाइडबँड सेन्सर सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन बघतो. त्याला टाकीत काय आहे हे ठाऊकच नसतं. तो मोजतो लॅम्डा (१ म्हणजे हवा-इंधन नेमकं, १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त), आणि गेज त्या लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतं. म्हणून ई८५ चं मिश्रण अगदी नेमकं असलं तरी पेट्रोलच्या गेजवर १४.७ च दिसेल. तू ९.८ च्या मागे लागलास म्हणजे लॅम्डा ०.६७ वर नेलंस. त्यावर ट्रॅक्टरसुद्धा धूर काढेल.

गेज लॅम्डावर लाव आणि विसरून जा. फुल थ्रॉटलवर बूस्टमध्ये ०.८० च्या आसपास सुरुवात कर. इंधन कोणतंही असो, भाषा तीच राहते.

फिटरकाका_भुसावळ · सोमवार, सकाळी ७:०५

मास्तरांनी इंधनाचं सांगितलं, मी टायमिंगचं, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याचं सांगतो. इथे जुने फिटर फसतात, मीही फसलोय.

पेट्रोलवर आपण कानाने टायमिंग लावायचो. पुढे घेत जायचं, खडखड ऐकू आली की दोन डिग्री मागे. पेट्रोल आधी ओरडून सांगतं. इथेनॉल ओरडत नाही. टायमिंग पुढे घेत गेलास तर एका ठिकाणी ताकद वाढायची थांबते, पण आवाज काही येत नाही. पुढे घेतच राहिलास तर ताकद घटते आणि सिलिंडरमधला दाब चढत जातो. पिस्टन वर येत असतानाच त्याला खाली ढकलणं सुरू होतं. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा हेड गॅस्केट गेला आणि दोन रॉड वाकले. मालक म्हणत होता, "काका, नॉकिंग तर एकदाही झालं नाही." झालं नव्हतंच, तेच तर झालं होतं. चूक माझीही होती, टायमिंग मी लावलं होतं.

म्हणून हे काम डायनोवरच (गाडी जागीच पळवून ताकद मोजायचं यंत्र). एकेक डिग्री पुढे, आकडा बघायचा, वाढ थांबली की एक-दोन डिग्री मागे घेऊन सोडून द्यायचं. हावरटपणा नको. आणि प्लगचा रंग पाहून इथेनॉलवर काही कळत नाही, प्लग धुतल्यासारखे पांढरे निघतात.

प्लग एक पायरी थंड टाक, गॅप कमी कर.

धुळेकर_४०२ · पुढचा गुरुवार, रात्री ११:१५

उशीर झाला, माफी. पुण्याला डायनोवर जाऊन आलो. अनुभव सविस्तर लिहितो, कोणाच्या तरी कामी येईल.

४५० चे इंजेक्टर आणि मोठा पंप घेतला, फ्लेक्स सेन्सर रिटर्न लाइनला लावला. टाकी पूर्ण रिकामी करून मोजून ११.८ लिटर ई२० घातलं. इथेनॉल १०० ठेवणारा पंप फोन करून आधीच शोधून ठेवला होता. ट्रेलरवरच ८.२ लिटर भरून घेतलं. पंपावरच्या पोराने दोनदा विचारलं, "नक्की हेच ना भाऊ?" सेन्सरवर ९९ हर्ट्झ. मास्तर, तुमची वही बरोबर.

पहिल्या दोन पुलला (डायनोवर फुल थ्रॉटलची एकेक चाचणी) गाडी सुंदर. तिसऱ्याला ५५०० आरपीएमच्या पुढे लॅम्डा ०.८० वरून ०.९२ वर सरकला आणि ट्यूनरने लगेच पाय काढला. इंधनाचा दाब बघितला तर वरच्या आरपीएमला कोसळत होता. नवा पंप, नवे इंजेक्टर, तरी? तासभर वायरिंग तपासण्यात घालवला.

फिटरकाका_भुसावळ · गुरुवार, रात्री ११:३१

टाकी जुनीच ना?

धुळेकर_४०२ · गुरुवार, रात्री ११:३८

जुनीच. पंप बाहेर काढला तर खालची जाळी चहाच्या गाळणीसारखी तपकिरी. २००२ पासूनचा सगळा डिंक आणि गंज इथेनॉलने सोडवून जाळीत आणून बसवला होता. फिल्टर आडवा कापला, आत तोच गाळ. टाकी तिथेच दोनदा धुतली, जाळी आणि फिल्टर नवे, दिवस संपला. दुसऱ्या दिवशी लॅम्डा शेवटपर्यंत ०.८० वर हलला नाही.

१ बारवर चाकांवर १५१ हॉर्सपॉवर. ई२० वर ०.६ बारला ११८ होते. त्याच १ बारवर ई२० घालून बघूया असं ट्यूनर म्हणाला, मी नको म्हटलं.

रसायनवाली_अमळनेर · शुक्रवार, सकाळी ८:२०

इथेनॉल चांगला द्रावक आहे, त्यामुळे जुन्या गाडीत हे होणारच. आता नळ्यांकडे बघा. जुना नायट्राइल रबर इथेनॉलच्या जास्त प्रमाणात फुगतो आणि मऊ पडतो. इंजेक्टरचे ओ-रिंग व्हायटॉनचे, नळ्या टेफ्लॉनच्या अस्तराच्या असलेल्या बऱ्या. आणि एक काळजीचं. इथेनॉलची ज्वाला फिकट निळी असते, भर उन्हात चटकन दिसत नाही. ई५० मध्ये पेट्रोल असल्यामुळे थोडी पिवळी दिसेल, तरी गळती झाल्यास डोळ्यांवर विसंबू नका. अग्निशामक हाताशी ठेवा.

पोऱ्या_शिरपूरना · शुक्रवार, सकाळी ९:००

आयोजकांना इंधन काय ते आधी कळव भो. तपासणीच्या वेळी वाद नको.

मकावाला_पारोळा · शुक्रवार, सकाळी ९:४५

संपादक रागावतील, तरी एकच विचारतो. एका धावेला आमचा मका किती जळतो?

नकाशा_मास्तर_जळगाव · शुक्रवार, सकाळी १०:१०

दादा, एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं, म्हणजे क्विंटलला ३८. ही एस्टीम एका धावेत जेमतेम पाव-अर्धा लिटर ई५० पिणार, त्यात निम्मं इथेनॉल. अर्धा किलोच्या आसपास मका. आणि उरलेला चोथा पशुखाद्यात जातो, म्हणजे तुमच्या म्हशीलाही वाटा आहे.

धुळेकर_४०२ · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:०५

जाऊन आलो. चार धावा. ई२० वरची माझी जुनी सर्वोत्तम वेळ १५.१ सेकंद होती. या वेळी पहिली १४.६, मग चाक फिरलं म्हणून १४.९, तिसरी १४.२. चौथीला दुसऱ्या गिअरमधून तिसरा लागलाच नाही, ती सोडून द्या. दुपारी तीन वाजता, पट्टीवरून वाफा निघत असताना, एकदाही नॉकिंग नाही. फिटरकाका, टायमिंग डायनोवर ठरलं त्याला हात लावला नाही, शपथेवर सांगतो.

टाकी हलकी ठेवायची म्हणून पाच लिटरच ठेवलं होतं. पहिल्या लाँचला इंधन मागे सरकून दाब क्षणभर पडला. पुढच्या धावांना आठ लिटर ठेवलं, अडचण आली नाही. छोटी सर्ज टाकी (पंपाजवळ इंधन धरून ठेवणारी) बसवावी म्हणतो.

फिटरकाका_भुसावळ · रविवार, रात्री १०:२२

बसव. आणि उरलेलं ई५० टाकीत ठेवून गाडी पावसाळाभर उभी करू नको. हवेतलं पाणी ओढतं. काढून घे, ई२० घाल, इंजिन दहा मिनिटं चालव म्हणजे इंजेक्टरमधूनही जाईल. तेल बदल. छोट्या धावांत इंजिन पुरतं तापत नाही, इथेनॉल आणि पाणी तेलात उतरतं. डिपस्टिकवर ताकासारखं दिसलं तर समज.

धुळेकर_४०२ · रविवार, रात्री १०:३०

तेल आजच काढलं काका, किंचित गढूळ होतं. बदललं.

३३० सीसीचे जुने चार इंजेक्टर पडून आहेत, फ्लो टेस्ट केलेले. धुळे किंवा जळगावात कोणाला हवे असतील तर निरोप टाका, कुरिअर करणार नाही, येऊन घेऊन जा.